बिडात आंबट नाय

आमचं सामान टेम्पोतून अजून पूर्ण उतरलंही नव्हतं. एक उंच, वाळका माणूस बनियन-पायजम्यावर जिन्यात आडवा आला, माझ्या हातातलं भांड्यांचं पोतं त्यानं खाली ठेवायला लावलं आणि आत हात घालून आमचा तवा बाहेर काढला. नॉनस्टिकचा होता, रेखाच्या मैत्रिणींनी लग्नात दिलेला. त्यानं तो उजेडात धरला, बोटाच्या पेरानं वाजवला आणि नाकाशी नेऊन हुंगला.

"हे भांडं नाय," तो म्हणाला. "हे रंगकाम हाय. बिडाचं काय हाय का तुमच्याकडं?"

"नाही."

"काहीच नाय?"

"नाही हो."

आमच्या गावात आईबाप नसलेल्या पोराकडं लोक जसं बघतात, तसं त्यानं माझ्याकडं बघितलं. मग तवा परत पोत्यात ठेवला. "बरं हाय एका अर्थी. ज्याच्याकडं बीडच नाय, त्याच्यावर आक्षेपबी नाय." एवढं बोलून तो वर निघून गेला. पोतं मात्र मलाच उचलावं लागलं.

हे भालेरावकाका. आमच्या बरोबर वरच्या मजल्यावर राहतात. एका सरकारी कार्यालयात लेखापरीक्षण विभागात त्यांची नोकरी झाली. दुसऱ्यांच्या हिशेबांवर आक्षेप काढणं हेच काम. निवृत्त झाल्यावर हिशेब संपले, पण आक्षेप उरले. ते सगळे त्यांनी बिडाच्या भांड्यांवर खर्च करायला घेतले. बीड म्हणजे ओतीव लोखंड. काकांच्या घरी त्याची एकच कढई आहे. पाण्यातून नुकत्याच बाहेर आलेल्या म्हशीच्या पाठीसारखी काळी आणि चकचकीत. रोज संध्याकाळी ते ती बारीक गॅसवर तापवतात आणि जुन्या लुगड्याच्या चिंधीनं करडईचं तेल चोळतात. याला ते "थर बसवणं" म्हणतात. वर्षानुवर्षं बसवलेला तो थर टिकला पाहिजे, यासाठी त्या कढईत काय शिजवायचं नाही, याचे त्यांचे नियम आहेत. हे नियम ते स्वतःपुरते ठेवते, तर मला हे लिहायची वेळ आली नसती.

मी वाळूजच्या एका कारखान्यात स्टोअरला आहे. रेखा चिकलठाण्याच्या बाजूला एका खाजगी शाळेत शिकवते. घर तिच्या शाळेजवळ घेतलं, त्यामुळे मी रोज कंपनीच्या बसनं अख्खं शहर आडवं पार करून जातो आणि तसाच परत येतो. माझी तक्रार नाही. आमच्या घरात पहिला पदवीधर मी. वडील अजून गावात सगळ्यांना सांगतात, पोरगं बसून काम करतं. ते बसणं बहुतेक बसमध्येच होतं, हे मी त्यांना सांगितलेलं नाही.

तर असा मी संध्याकाळी येतो तेव्हा माझ्यात बोलण्याएवढा जीव नसतो. नेमकं तेव्हाच काका जिन्याच्या वळणावर प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेले असतात. पहिल्याच आठवड्यात रेखानं कौतुकानं त्यांना माझ्या शिक्षणाचं सांगितलं. तेव्हापासून मला नाव उरलं नाही.

"या पदवीधर. बिडात आंबट का नाय, सांगा बरं."

"चव बिघडते, काका."

"चवीचं नंतर. आधी थर जातो. आंबट काय करतं, थराला खातं. चिंच, टमाटं, कैरी, चुका, अंबाडी, ताकाची कढी, सगळी एकाच टोळीतली. थर खाल्ला की खालचं लोखंड उतरतं भाजीत. भाजी काळी, भांडं करडं. दोन्हीबी वाया. आलं का ध्यानात?"

"आलं."

"मासे का नाय?"

माझ्या खांद्यावर डब्याची पिशवी असते, पाठीवर बॅग असते, आणि वर पाणी येण्याचा दिवस असला तर टाकी भरायची असते. मी म्हणतो, "उद्या सांगतो." ते म्हणतात, "वास राहतो म्हणून. लिहून घ्या डोक्यात."

माशांचं त्यांना अनुभवानं ठाऊक होतं. त्यांच्या मुलीला बघायला पाहुणे यायचे होते, त्याच्या आदल्या दिवशी काकांनी याच कढईत मासे तळले. दुसऱ्या दिवशी काकूंनी त्यातच शिरा केला. पाहुण्यांनी पहिला घास घेतला आणि एकमेकांकडं बघितलं. मुलाच्या वडलांनी वाटी खाली ठेवून विचारलं, "ह्यात इलायचीशिवाय काय घातलंय?"

"मग जमलं का लग्न?" मी विचारलं होतं.

"जमलं. मासे खाणारी माणसं निघाली. मुलाच्या बापानं दुसऱ्यांदा शिरा मागून घेतला. पण सगळ्यांचं नशीब एवढं चांगलं नसतं, पदवीधर. म्हणून नियम."

नियम वाढतच गेले. अंडं नाय, चिकटतं. वरण-भात नाय, पाणी उकळत राहिलं की थर सुटतो. गुळाचं नाय, तळाला धरतं आणि खरवडावं लागतं. शिजलेलं झाकून रात्रभर ठेवायचं तर अजिबात नाय. साबण तर शब्दच काढायचा नाय. पिठल्याला त्यांनी सशर्त मंजुरी दिली होती. शिजलं की लगेच दुसऱ्या भांड्यात काढायचं, ही अट. एकदा रेखा वैतागून म्हणाली, "काका, तुमच्या कढईत काय करायचं नाही ते पाठ झालं माझं. आता करायचं काय, ते सांगा."

काकांनी बराच विचार केला. "भजी," ते म्हणाले. "आणि देखभाल."

तळमजल्यावरच्या शेख भाभींकडं मात्र त्यांचं काही चालत नाही. भाभींकडं त्यांच्या सासूचा बिडाचा तवा आहे आणि त्या बेधडक त्यावर टोमॅटोची चटणी परततात. काका त्यांच्या दारात उभे राहून वास घेतात आणि आतल्या आत तळमळतात. एकदा राहवलं नाही.

"भाभी, आक्षेप हाय. तवा मरतो तुमचा."

भाभी उलथनं हातात घेऊनच बाहेर आल्या. "काका, तवा मेरा, टमाटा मेरा, चूल्हा मेरा. तुमकू क्या होरा? तुम भजिए तलो जाके."

"सासूनं जपलेला तवा हाय तो."

"सासू भी इसीपे टमाटा भूनती थी. उसके सामने बोलके देखना था, फिर समझता तुमकू."

काका वर आले आणि दोन दिवस त्या बाजूच्या जिन्यानं उतरले नाहीत. जिना एकच आहे, त्यामुळे ते उतरलेच नाहीत.

काकू इथं नसतात. मुलीला बाळ झालं तेव्हा त्या महिनाभरासाठी पुण्याला गेल्या, आणि ते बाळ आता शाळेत जातं. मुलगी-जावई दोघंही नोकरीला, नातवाला कोण बघणार? काकाही गेले होते राहायला. पण जावयानं हौसेनं बिडाचा डोसा तवा मागवला होता आणि सुट्टीच्या दिवशी तो त्यावर टोमॅटो-ऑम्लेट करायचा. काकांनी आक्षेप काढला. दुसऱ्या सुट्टीला परत काढला. मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्ही थोडे दिवस घरी जाऊन या." काका हे सांगताना म्हणतात, "तपासणी संपली, परत आलो."

हे सगळं हसत सांगण्यासारखं आहे आणि बहुतेक वेळा मी तसंच सांगत आलो. पण रेखाला दिवस गेले तेव्हा हसण्याचं काही राहिलं नाही.

ती शाळेत फळ्याजवळ घेरी येऊन बसली. मुलींनी पाणी पाजलं, कुणीतरी मला फोन केला, मी वाळूजवरून येईपर्यंत तिला घरी आणलं होतं. डॉक्टरबाईंनी रक्त तपासलं आणि कागद माझ्याकडं सरकवला. रक्त फार कमी होतं. लोहाच्या गोळ्या सुरू होत्याच, पण त्या तिच्या पोटात राहत नव्हत्या. गोळी घेतली की थोड्या वेळानं उलटी. डॉक्टरबाईंनी गोळ्या बदलल्या. "याही राहिल्या नाहीत तर सुया लावू," त्या म्हणाल्या. "बाळंतपणाच्या वेळी रक्त चढवायची धावपळ नको. अजून वेळ आहे, पण फार नाही. आणि घरी लोखंडाची कढई असेल तर हिरव्या भाज्या तीत करा. आंबट भाजी असेल तर आणखी चांगलं. त्यात लोखंड जास्त उतरतं."

मी मान हलवली. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना रेखा म्हणाली, "म्हणजे काका जे करू नका म्हणतात, नेमकं तेच." मला हसू आलं नाही. तिलाही आलं नाही. ती पायरी पायरीवर थांबत होती.

मी औरंगपुऱ्यात जाऊन नवी बिडाची कढई आणली. रेखानं तीत अंबाडी टाकली तर भाजीवर गंज तरंगला आणि घरभर मशीनच्या तेलासारखा वास सुटला. रेखा मोरीत धावली, ती बराच वेळ बाहेर आली नाही. नवं भांडं लगेच वापरता येत नाही, त्याला आधी बरेच दिवस तेल पाजावं लागतं, हे मला ठाऊक असायला हवं होतं. जिन्यात मी ते इतक्या वेळा ऐकलं होतं. पण बरेच दिवस थांबायला आमच्याकडं सवड नव्हती. माझी आई गावाकडं आजारी आजोबांपाशी अडकलेली, रेखाची आई स्वतःच गुडघ्यांनी बसलेली. वापरून मुरलेली बिडाची भांडी आमच्या ओळखीत दोनच होती. त्यातला एक तवा, त्यात भाजी शिजत नाही.

मी वर गेलो. काकांनी दार उघडलं. आत टीव्ही आवाज बंद करून चालू होता.

"या पदवीधर. आज आपणहून?"

"काका, कढई पाहिजे होती. थोडे दिवस."

"कशाला?"

"अंबाडीला."

त्यांनी दाराची कडी धरली होती, ती तशीच धरून ठेवली. मी सगळं सांगितलं. घेरी, गोळ्या, उलट्या, डॉक्टरबाई काय म्हणाल्या ते. सांगता सांगता मला कळलं की मी विनवणी करतोय, आणि मला एवढा थकवा आला होता की त्याची लाजही वाटली नाही. काका माझ्या चपलांकडं बघत ऐकत होते.

"नाय," ते शेवटी म्हणाले. "कढई देणार नाय मी." आणि त्यांनी दार लावलं. आपटलं नाही, हळूच लावलं. ते मला जास्त लागलं.

खाली येऊन मी रेखाला सांगितलं. ती भिंतीला टेकून बसली होती. "मला वाटलंच होतं," ती म्हणाली. "जाऊ द्या. म्हातारा माणूस आहे, त्याच्या घरात दुसरं आहे काय." मग म्हणाली, "दिवा बंद करता का? डोळ्यावर येतोय."

दुसऱ्या दिवशी मी कामावरून आलो तर शेख भाभी दारातच उभ्या, चेहरा काळजीचा.

"भाई, ऊपर जाके देखो जरा. काका के घर से सुबे अंबाड़े की बू आरी थी. मैं दो बार आवाज दी, बोले, 'काम में हूं.' तबियत तो ठीक है ना उनकी?"

मी दोन-दोन पायऱ्या चढत गेलो. आमचंच दार उघडं होतं. स्वयंपाकघरात काका पाटावर बसले होते, समोर रेखा ताट घेऊन, आणि ताटात डांबरासारखी काळी भाजी.

"कढई दुसऱ्याच्या हातात देणार नाय म्हणालो होतो," काका माझ्याकडं न बघता म्हणाले. "भाजी देणार नाय, असं कुठं म्हणालो? अर्धवट ऐकून जाता तुम्ही. खा पोरी."

रेखानं घास घेतला. तिचा चेहरा आक्रसला. "काका, खिळा चाखल्यासारखं लागतंय हो."

"खिळाच हाय तो. गिळ."

"मीठही नाही यात."

काका गोंधळले. त्यांनी ताटातली चिमूटभर भाजी तोंडात टाकली. इतकी वर्षं अंबाडीला हात न लावलेला माणूस, विसरला होता. त्यांनी खिशातून फोन काढला आणि काकूंना लावला. काकांना फोन कानाशी धरवत नाही, ते तो तळहातावर आडवा धरतात, त्यामुळे सगळं आम्हालाही ऐकू आलं.

"अंबाडीला काय काय घालती तू?"

"आज काय अंबाडी?" काकूंच्या मागं कुणीतरी मूल मोठ्यानं कविता म्हणत होतं. "कण्या घालायच्या ज्वारीच्या. थोडा गूळ. वरून लसणाची फोडणी. कशात शिजवताय?"

काकांनी खिडकीकडं बघितलं. "कढईत."

"कोणत्या?"

"कढई एकच हाय आपल्याकडं."

पलीकडं काही वेळ फक्त कविता ऐकू आली. मग काकू म्हणाल्या, "कोण आजारी आहे?"

काकांनी सांगितलं. तेव्हा काकू हळू आवाजात, सावकाश, एकेक गोष्ट सांगायला लागल्या. पाला किती उकडायचा, पाणी किती काढायचं, कण्या कधी टाकायच्या. काका "व्हय, व्हय" करत होते. फोन ठेवताना त्या म्हणाल्या, "तिला गरम खायला घाला. आणि तुम्हीपण खा. तुम्हाला आवडते ना."

तेव्हा मला कळलं की काकांना अंबाडी आवडते.

त्यानंतर रोज डबा यायला लागला. अंबाडी, चुका, टोमॅटो घालून मेथी, एकदा तर चिंचेचा कोळ घातलेला पालक. रेखा शाळेतून आली की काका डबा घेऊन हजर. ती खाईपर्यंत समोर उभे राहणार आणि ताट रिकामं झालं की हिशेबतपासणीच्या भाषेत म्हणणार, "अनुपालन झालं." कधी तिला नको व्हायचं, कधी ती चिडायची, एकदा रडलीसुद्धा. काका तसेच उभे राहायचे, इकडंतिकडं बघत, आणि पाण्याचा तांब्या पुढं करायचे. नव्या गोळ्या पोटात राहायला लागल्या होत्या. डॉक्टरबाईंनी परत तपासलं तेव्हा रक्त थोडं वर आलं होतं. त्या म्हणाल्या, "चांगलं आहे. असंच चालू ठेवा, ढिलाई नको." ते गोळ्यांनी आलं, भाज्यांनी आलं की दोन्हींनी, हे मला माहीत नाही. मी विचारलंही नाही.

घरी आल्यावर काकांनी दारातच विचारलं, "आक्षेप निकाली?"

"अंशतः," रेखा म्हणाली.

काकांनी मान हलवली. पहिल्यांदाच मी त्यांना एवढ्या कमी शब्दांत समाधानी झालेलं बघितलं.

त्या संध्याकाळी मी रिकामा डबा घेऊन वर गेलो. दार नुसतं लोटलेलं होतं. काका ओट्याशी उभे होते आणि गॅसवर कढई होती. मी तिच्याकडं बघितलं. ती काळी चकाकी कुठंच नव्हती. मधोमध करडं, भेगाळल्यासारखं लोखंड उघडं पडलं होतं, कडेला जुन्या थराचे पोपडे तेवढे राहिले होते. काका चिंधीला तेल लावून ती गोल गोल पुसत होते, अगदी सावकाश, कढईच्या कानाखालपर्यंत बोट घालून.

"काका, उद्या परत आंबटच शिजणार ना यात?"

"व्हय. चुका आणून ठेवलाय."

"मग आज लावलेलं तेल उद्या सकाळीच जाणार. याचा उपयोग काय?"

"उपयोग नाय," ते म्हणाले. गॅस आणखी बारीक केला. चिंधी उलटी केली आणि परत पुसायला लागले. माझ्याकडं पाठ ठेवूनच म्हणाले, "पण मग संध्याकाळचं करू काय मी?"

मी डबा ओट्यावर ठेवला. दिवसभर उभ्यानं काम झालं होतं, पाय भरून आले होते. खाली रेखाला सांगून यायचंही राहिलं होतं. तरी दाराजवळचं स्टूल ओढलं आणि बसलो. टीव्हीवर बिनआवाजाच्या बातम्या चालल्या होत्या. आम्ही दोघांनीही त्या बघितल्या नाहीत.

तेल मुरलं तसा काकांनी गॅस बंद केला, हात पुसले आणि वळून बघितलं. मी अजून बसलेला बघून त्यांना जरा आश्चर्य वाटलं असावं.

"चहा घेणार?"

"घेईन."

ते खाली वाकले आणि ओट्याखालच्या कप्प्यात चाचपडायला लागले. एक छोटं पातेलं बाजूला सारलं, मागं हात घातला.

"थांबा जरा," ते म्हणाले. "दोन कपाचं कुठं ठेवलंय, बघावं लागंल."